सुध्याची चाकी

सुध्या, पुण्याचा माणूस येऊन पेटी घेऊन गेला. तू असतास तर आधी म्हणाला असतास, "मास्तर, पेटी नाही, सिंथेसायझर." तर तो सिंथेसायझर गेला. तुझ्या चाकीचं काय झालं ते तुला सांगायचंय, कारण ते ऐकून ज्याच्या जिवाला लागंल असा दुसरा कुणी या गावात राहिला नाय. सांगतो. पण मी बँडवाला माणूस, गत सुरवातीपासून वाजवतो, मधनं उचलत नाय.

तुझा तेरावा झाला. शोभावहिनींनी मला पहिल्या पंगतीला बसवलं अन् स्वतः वाढलं. तुझ्या चिकलठाण्याच्या कारखान्यातले जुने लोक होते पंगतीला. एक जण म्हणला, "सुधाकरराव म्हणजे शांत माणूस. कधी कुणाला उलटून बोलले नाहीत." माझा घास हातातच राहिला. शांत? तू माझ्याशी भांडला नाहीस असं एक लग्न दाखवावं त्यानं. नवरी रडायची, तिचा बाप रडायचा, अन् आपण दोघं मांडवामागं बँडच्या गाडीपाशी भांडत असायचो, की अंतऱ्याला वर कोण गेलं अन् खाली कोण राहिलं. मेलेल्या माणसाला लोक असं धुऊनपुसून ठेवतात. मला तू मळलेलाच पायजे.

वहिनी हे वाचणार आहेत. आपलं भांडण कशाचं ते त्यांना कधी कळलं नाय, म्हणून जरा उकलून लिहितो. वहिनी, उन्हात क्लॅरोनेट चढतं. दुकानात सावलीला सूर जुळवून निघावं अन् वैशाखाच्या उन्हात अर्धा रस्ता चालावं, तर आतला वारा तापतो अन् सूर आपोआप वर जातो. पितळी वाद्यांचंबी तसंच. थंडीत उलटं, खाली बसतो. पण तुमच्या माणसाचा जुना की-बोर्ड कंपनीनं जिथं बसवला तिथंच. ऊन असू दे, थंडी असू दे, तो ढिम्म. मग व्हायचं काय, मारुतीपाशी आम्ही एका सुरात असायचो अन् मांडवापाशी पोचेपर्यंत मी वर अन् हा खाली. लोकांना वाटायचं बँड दमला. तसा की-बोर्डचा सूर हलवता येतो, पण त्यासाठी पडद्यावर आत आत जावं लागतं, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात. उन्हात पडदा दिसत नाय, अन् गाडी तर चालूच असते. एवढ्यावरून आम्ही उभा जन्म भांडलो.

मागच्या पितृपंधरवड्यात, जेव्हा बँडवाल्याला कुत्रं इचारत नाय, तेव्हा तू मोबाईल नाचवत मोंढ्यातल्या आपल्या बँडच्या दुकानात आलास. पुण्याकडं दोघंतिघं इंजिनेर मिळून नवा सिंथेसायझर करायलेत म्हणं, अन् वाजवणाऱ्यांना इचारायलेत की तुम्हाला त्यात काय काय पायजे.

"अ‍ॅनालॉग आहे, मास्तर. पॉलिफोनिक. आठ व्हॉइस."

"म्हंजी?"

"म्हणजे आत खरी वीज गाते. आपल्या की-बोर्डात कुणीतरी आधीच गाऊन ठेवलंय, आपण नुसतं झाकण उघडतो. यात तसं नाही. आठ गळे आहेत. आठ बोटं ठेवली तर आठ जण गातील, अन् एकाचा गळा दुसऱ्यासारखा नसेल."

"अन् मी काय करू? टाळ्या वाजवू?"

तू ऐकतोस कशाला. मुलगी बघायला तुला वहिनींच्या घरी नेलं होतं, तेव्हाबी तू इतका खुलला नव्हतास. गावातले वाजवणारे दुकानात गोळा केलेस अन् एकेकाचं म्हणणं मोबाईलमदी बोलून घ्यायला लागलास. रोशन गेटचा अझीम आला, कव्वाली पार्टीत की-बोर्डवर बसतो तो. भीमगीतांच्या कार्यक्रमात वाजवणारी प्रज्ञा आली. ढोलांच्या मधल्या जागेत स्टुलं टाकली, चहा आला.

अझीम म्हणला, "सुधाकरभाई, उनको बोलो, एक सुर झुकाया तो एकीच झुकना. बाकी के अपनी जगा पे खड़े रहना. अब्बी कैसा होता, एक को मोड़ा तो पूरी बरात मुड़ जाती."

प्रज्ञा म्हणली, "मला पडदा नको, दादा. स्टेजचे लाइट तोंडावर असतात, काही दिसत नाही. हाताला लागेल असं पाहिजे सगळं. अन् जयंतीच्या महिन्यात एका गावातून दुसऱ्या गावात नुसतं पळायचं असतं. टेम्पोत आदळून बिघडलं नाही पाहिजे."

"तेरे को टेम्पो होना, सिंथेसायझर नको," अझीम म्हणला, अन् तिनं त्याला चहाचा रिकामा कप फेकून मारला.

शेवटी तू तुझं बोललास. "मला फक्त एक चाकी पाहिजे. समोर. मोठी. न बघता हात जाईल अशी. फिरवली की आठही गळे एकदम चढले पाहिजेत, मास्तरच्या क्लॅरोनेटपर्यंत."

मग मोबाईल माझ्या तोंडापुढं धरलास. मी म्हणलो, "माझ्या क्लॅरोनेटला ईज लागत नाय, तेवढं सांगा त्यांना." सगळे हसले. तूबी हसलास, अन् ते बी पाठवून दिलंस.

आठ गळ्यांवर तुझा जीव का बसला होता ते तू बोलला नाहीस. मी काय येडा नाय. आपल्या बँडात एके काळी माझ्यामागं आठ फुंकणारे होते. कुणी वर गेलं, कुणाचे दात गेले, कुणाची पोरं म्हणली बास आता ते वरातीत नाचणं. राहिलो मी, एक ट्रंपेट अन् ढोल-ताशे. माझ्या घरच्यांनी तर मला बँडात गेलो तवाच पाण्यात पाहिलं होतं. पाटलाचं पोर लोकांच्या लग्नात फुंकणार, म्हणून बापानं पाचोडच्या बाजारात मला वळख दिली नव्हती. मी मान खाली घातली नाय. पण ते एकेक करून कमी झाले ना, तेव्हा माझी मान खाली गेली होती. ती तू बघितली असशील.

होळीच्या सुमाराला पुण्याहून नमुन्याची पेटी आली. वाजवून बघा, काय वाटतं ते कळवा, असा निरोप होता. चाकी होती. समोर, उजव्या अंगाला, पाण्याच्या तोटीएवढी. तू ती डब्यातून काढल्यावर आधी वाजवली नाहीस, नुसती चाकी फिरवून बघितलीस.

मग पंखा बंद करायला लावलास. पेटी तापली पायजे म्हणं. आपण दोघं घामानं थबथबलो. तापायला लागल्यावर आठातला एक गळा सगळ्यांच्या आधी वर सरकला. तू कान लावून बसलास अन् म्हणलास, "मास्तर, हा शंकर."

आपला शंकर, मोठं पितळी युफोनियम फुंकणारा. पुढच्या चौकात पोचायच्या आधीच ज्याचा सूर चढायचा अन् जो शिव्या खाऊनबी ऐकायचा नाय. मी म्हणलो, "मेल्यावर तरी त्याला सुखानं राहू दे." पण मीबी कान देत होतो. शंकरच होता तो. एक खालच्या सुराचा जाडा गळा होता, त्याला तू आपल्या त्या आठांतला उत्तमराव म्हणायला लागलास. मी म्हणलो, उत्तमराव इतका बरा कधी वाजला नव्हता. तर तू म्हणलास, "मेल्यावर सुधारला असेल."

पाचोडच्या लग्नात आपण ती पेटी पयल्यांदा काढली. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला, म्हंजी परण्या निघाला, अन् ऊन असं की डांबर चपलेला चिकटायलं. गाडीवर जनरेटर, भोंगे, छत्री, अन् छत्रीखाली तू. येताना मला ऐकू आलं की तू खाली राहिलास. मी मनात म्हणलो, याचा पयला दिवस आहे, लोकांत फजिती नको. क्लॅरोनेटचा सांधा जरा ओढला अन् खाली आलो. त्याच वक्ताला तू चाकी फिरवलीस अन् वर गेलास. आता तू वर, मी खाली. मी सांधा दाबला. तू चाकी उलटी फिरवलीस. परत उलटं. मारुतीपासून मांडवापर्यंत आपण दोघं एकमेकाला शोधत गेलो अन् दर वेळेला चुकत गेलो. नवरदेवाचा मामा घोड्याजवळून वरडला, "ओ मास्तर, एकच बँड सांगितला होता आम्ही, दोन कशाला आणले?"

जेवणं झाल्यावर लिंबाखाली तू मला धरलंस.

"तू सांधा ओढलास."

"नाय."

"मी बघितलं. कॉर्क दिसत होता."

"घामानं सैल झाला."

"मास्तर, ओलाव्यानं लाकूड फुगतं. सैल होत नाही."

"मग तू चाकी कशाला फिरवली?"

"त्याच्यासाठीच तर ती मागून घेतली! तू हलायचं नाही. तू जिथं जाशील तिथं मी येणार. एवढंच ठरवू."

"ठरवणारा तू कोण? बँड माझा."

"बँड तुझा, म्हणून तर तू थांब म्हणतोय!"

लोकांनी मांडव सोडायला घेतला तरी आपलं चालूच. तुझं म्हणणं, ज्याला हलता येतं त्यानं हलावं. माझं म्हणणं, ज्याची चूक त्यानं हलावं. पण उन्हात चढणं ही कुणाची चूक, ते मला तेव्हाबी सांगता आलं नाय अन् आज बी येत नाय.

अन् सुध्या, सांधा मी ओढला होता. तेव्हाच व्हय म्हणलो असतो तर तू आठवडाभर हसला असतास. हसू द्यायला पायजे होतं.

पुढच्या लग्नात मी हललो नाय. बघू म्हणलं, याची चाकी काय करते. तू एक हात पट्ट्यांवर अन् एक हात चाकीवर ठेवून चाललास. मी चढलो की तू चढायचास, मी सावलीत आलो, जरा उतरलो, की तूबी उतरायचास. मला ओढावं लागलं नाय, दाबावं लागलं नाय. मी नुसता वाजत गेलो. एका ठिकाणी पाठीमागं इतकं भरून आलं की मी चालता चालता वळून बघितलं. वाटलं आठही जण उभे आहेत. तर छत्रीखाली तू एकटाच, सदरा अंगाला चिकटलेला, जीभ बाहेर काढून वाजवायलेला, शाळेतल्या पोरागत. मी परत पुढं वळलो. घरी जाताना तू इचारलंस, "कसं झालं?" मी म्हणलो, "बरं झालं." तू त्याच्यातच खूश.

मग तुझं दुखणं निघालं, अन् तिकडं पुण्यातनं निरोप आला की चाकी काढायलेत. समोर जागा लई जाते म्हणं. त्याच्याऐवजी एक बटन देणार. बटन दाबलं की पेटी आपले आठही गळे आपणच बरोबर करून घेणार.

दवाखान्यात तुझ्या हाताला सुई, अन् दुसऱ्या हातात फोन. "अहो, बरोबर म्हणजे कुणाच्या हिशोबानं बरोबर? ती तिच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होईल. क्लॅरोनेट कुठं गेलंय ते तिला कोण सांगणार? तुम्ही उन्हात या एकदा!" नर्स येऊन रागवली, तू तिलाच इचारलंस, "तुम्हीच सांगा सिस्टर, माझं काय चुकलं?" ती म्हणली, "आजोबा, तुमचं बीपी चुकलं."

त्या दिवशी मी निघताना तू मला म्हणलास, "मास्तर, त्यांना तू सांग. माझं ऐकून ते दमलेत. तुझं ऐकतील."

मी म्हणलो, "मी कशाला? मला तुझी पेटी मुळातच नको होती. उठ अन् तूच सांग."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं रुसलास. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

तर तुझ्या मागं चाकीचं काम माझ्याकडं आलं. पेटी परत न्यायला निखिल नावाचा त्यांचा माणूस येणार होता, अन् शेवटची बनावट ठरायच्या आधी त्याला पटवायचं होतं. मी कुणाची मनधरणी केलेली नाय जन्मात. त्या दिवशी केली. सदरा इस्त्री करून घातला. माणूस वाईट नव्हता. बसल्या बसल्या म्हणला, "सरांचे रोज फोन यायचे. आता येत नाहीत तर चुकल्यासारखं वाटतं." मी म्हणलो, "चाकी राहू द्या. सुध्याचं बरोबर होतं." हे वाक्य तुझ्या हयातीत माझ्या तोंडून निघालं नव्हतं. दुकानात तुझ्या स्टुलावर प्रज्ञा बसली होती, तिनं चमकून माझ्याकडं बघितलं.

त्यानं संगं आणलेलं ते नवं बटन पेटीला जोडलं अन् दाबून दाखवलं. पेटीनं जरा वेळ घेतला, अन् आठही गळे एका रेषेत उभे राहिले, पोलिसभरतीच्या पोरांसारखे. मी कान लावला. शंकर त्याच्यात नव्हता. उत्तमरावबी नव्हता.

मी म्हणलो, "बाहेर चल. उन्हात."

गाडी रस्त्यावर काढली. पत्रा पोळत होता. प्रज्ञानं पेटी धरली, मी क्लॅरोनेट. लग्नातलं रोजचं गाणं, दोनदा, तीनदा. मी चढत गेलो. तो बटन दाबायचा, पेटी आपल्या जागी जायची, अन् मी वर एकटा. माझे दात दुखायला लागले. थांबून त्याला इचारलं, "ऐकू येतंय का?"

त्यानं खरं तेच सांगितलं. "येतंय काका. थोडं."

"थोडं?"

तो चहावाल्याकडं वळला. "मामा, कसं वाटलं?"

"एक नंबर! लई दिसांनी मास्तरनी वाजवलं."

रिक्षावाल्याला इचारलं. तो म्हणला, "भारी." कपड्याच्या दुकानातल्या बाया बाहेर आल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रज्ञा खाली मान घालून पट्ट्या पुसायली.

"काका," निखिल हळू म्हणला, "मी हट्ट करत नाही. पण ही मशीन घेणारे बहुतेक जण एसी खोलीत वाजवतात. उन्हात चालत वाजवणारे थोडे. अन् त्यातला हा फरक ऐकणारे तुम्ही दोघं होतात. सूर हलवायची सोय आम्ही ठेवतोय. पडद्यात, आत."

खोटं बोलला असता तर दोन ठेवून दिल्या असत्या. पण तो खरं बोलला. चहावाला तर माझा रोजचा माणूस, तुझा बी. इतकी वर्षं आपण मांडवामागं एकमेकाची गचांडी धरली, ती कुणाला ऐकूच येत नसलेल्या गोष्टीवरून धरली. मला तेव्हा तुझा इतका राग आला. हे असं मागं टाकून जातं का कुणी? निदान माझे कान तरी घेऊन जायचे होतेस.

अझीमचं म्हणणं त्यांनी ऐकलंय. एक सूर वाकवला तर एकच वाकतो, बाकीचे उभे राहतात. निखिलनं दाखवलं, तर वाजवणं ऐकून आलेला अझीम गाडीपाशीच लहान लेकरासारखा नाचला, मग माझं तोंड बघून गप झाला. प्रज्ञाची बटनं बी मोठी होणार आहेत. तुझंच तेवढं नाय. पेटी मी स्वतः रजईत बांधली अन् निखिलसंगं उचलून गाडीत ठेवली. चाकीवरून एकदा हात फिरवला. वहिनींना म्हणलं होतं, मी सांगीन त्यांना. सांगितलं. झालं नाय.

काल शेंद्र्याला लग्न होतं. या हंगामातलं शेवटचं. छत्रीखाली तुझ्या जागी प्रज्ञा, तिच्यापुढं तुझा जुना की-बोर्ड. पोरीनं आदल्या दिवशी बसून पडद्यातली ती आतली वाट बोटांनी पाठ केली होती, कुठलं बटन कितीदा दाबायचं ते न बघता. तुझ्या म्हणण्याप्रमाणं मी हललो नाय. मी चढायचो, ती बटनं दाबत दाबत माझ्यामागं यायची. यायची बरं का, दर वेळेला यायची. पण वेशीपाशी माझा सूर जिथं होता तिथं ती शाळेपाशी पोचायची, अन् तोवर उन्हानं मला आणखी वर नेलेलं असायचं. नाचणारे नाचत होते. कुणाला काय फरक नव्हता. तिला मात्र ऐकू यायला लागलं होतं, अन् ते बघून मला जास्त वाईट वाटलं. घाम पुसायला हात मोकळा नाय, डोळे भरलेले. गाडी पुढं घेऊन माझ्या बाजूला आली अन् म्हणली, "मास्तर, मला नाही जमत. जरा खाली या ना."

मी क्लॅरोनेट तोंडातून काढलं. सगळ्या वरातीच्या पुढं, नवरदेवाच्या घोड्यापुढं, सांधा ओढला. चांगला कॉर्क दिसंपर्यंत ओढला.

सूर जुळला, सुध्या. खाली जुळला.